सेंट पॉलची सनदी शाळा

नमस्कार मंडळी. जेवणं झालीयेत, पोरं पेंगायला लागलीत, त्यामुळे फार वेळ घेत नाही. कमिटीने मला सांगितलं की तुम्ही दर मंगळवारी ज्या शाळेत गणित शिकवायला जाता त्याबद्दल बोला. पण मला वाटलं, अशा शाळा जिथून सुरू झाल्या त्या शाळेबद्दलच बोलावं, कारण ती इथे मिनेसोटात, आपल्या सेंट पॉलमध्येच आहे आणि आपल्यातले कितीतरी जण वीस-वीस वर्षं इथे राहूनही तिच्यावरून नुसते गाडी घेऊन गेलेत.

सिटी अकॅडमी तिचं नाव. ईस्ट साइडला आहे. अमेरिकेतली पहिली चार्टर शाळा, सप्टेंबर 1992 मध्ये उघडली. सुरुवात कुठे, तर सिटीच्या एका रिक्रिएशन सेंटरमध्ये, म्हणजे जिथे संध्याकाळी मुलं बास्केटबॉल खेळायला येतात तिथे. मायलो कटर आणि टेरी क्राबेल हे दोघं शिक्षक आणि तीस-पस्तीस मुलं, बस्स. आणि मुलं कुठली, तर शाळा सोडलेली. ईस्ट साइड हा कामगारांचा भाग, तिथला व्हर्लपूलचा मोठा कारखाना 1984 मध्येच बंद पडला होता, घराघरातली बांधलेली नोकरी गेलेली, आणि ज्या मुलांना मोठ्या हायस्कूलमध्ये कोणी विचारत नव्हतं त्यांच्यासाठी हे दोघं उभे राहिले.

आता चार्टर म्हणजे काय, कारण मुलांना शाळेत घालताना आपल्यातले निम्मे लोक अजूनही विचारतात की फी किती असते म्हणून. फी नसते हो. ती सरकारीच शाळा, प्रवेश परीक्षा नाही, जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात. राज्य दर मुलामागे पैसे देतं आणि ते मुलाबरोबर त्या शाळेला जातात. आपल्याकडच्या अनुदानित शाळेच्या जरा जवळचं, पण अगदी तसंही नाही. मला विचाराल तर चार्टरला आपला जुना शब्द चपखल बसतो, सनद. फरक एवढाच की वतनाची सनद पिढ्यानपिढ्या चालायची आणि ही ठरावीक वर्षांची असते, त्यात शाळेने लिहून द्यायचं की आम्ही मुलांना काय काय शिकवू, आणि नाही जमलं तर सनद काढून घेतात, शाळा बंद.

ही कल्पना एका माणसाची नाही. मॅसॅच्युसेट्समधले प्राध्यापक रे बड यांनी ती सत्तरच्या दशकात मांडली, तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. 1988 मध्ये अल्बर्ट शँकर यांनी ती उचलली, आणि हे शँकर कोण तर शिक्षकांच्या देशव्यापी युनियनचे अध्यक्ष! त्यांचं म्हणणं होतं की वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांना स्वतःची छोटी शाळा काढून नवं काही करून बघू द्या. त्याच वर्षी ते मिनेसोटात बोलायला आले, ऐकणाऱ्यांत राज्याच्या सिनेटर एम्बर रायकगॉट होत्या, त्यांनी मग सलग प्रयत्न करून 1991 मध्ये देशातला पहिला कायदा करून घेतला. तोही किती हात राखून, तर सगळ्या राज्यात मिळून फक्त 8 शाळा, आधी स्थानिक स्कूल बोर्डाने हो म्हणायचं मग राज्याच्या बोर्डाने, आणि शाळेच्या संचालक मंडळात बहुमत शिक्षकांचं. हे शेवटचं मला फार आवडतं.

पुढे शँकर स्वतःच या चळवळीवर नाराज झाले, कारण ती शिक्षकांच्या हातातून निसटत चालली असं त्यांना वाटलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आज देशात 8000 च्या आसपास चार्टर शाळा आणि 35 लाखांहून जास्त मुलं, त्यात मोठमोठ्या साखळ्या आल्या, पैशाचे घोळ झाले, काही शाळा वर्षाच्या मधेच बंद पडून मुलं रस्त्यावर आली, एकाच समाजाची मुलं एकाच शाळेत गोळा होतात ही तक्रार तर आपल्या राज्यात कोर्टापर्यंत गेली. या सगळ्याची बाजू घ्यायला मी इथे उभी नाही. मला बोलायचंय ते त्या पहिल्या शाळेबद्दल, की 2000 साली मे महिन्यात प्रेसिडेंट क्लिंटन तिला भेट द्यायला आले, एवढं नाव झालं, आणि तरी ती लहानच राहिली. वाढ झाली ती दुसरीकडे, बाकीच्यांनी बघून आपापल्या काढल्या.

माझे आजोबा साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात शिकले. 1924 मध्ये सुरू झालेलं ते बोर्डिंग, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला, आणि धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. रयतच्या चिन्हात वड आहे हे तुम्हाला माहीत असेलच. आजोबा सांगायचे की अण्णांना पोराचं नाव, गाव, बाप काय करतो सगळं पाठ असायचं. मुलं थोडी असली तरच हे जमतं ना. वडाच्या पारंब्या लांबवर जाऊन रुजू देत, पण प्रत्येक बुंध्यापाशी असा एक माणूस पाहिजे.

मी जिथे जाते ती दुसरी शाळा, तिचं नाव घेत नाही, मुलांचा प्रश्न आहे. पण अशीच, दीडशेच्या आत मुलं. सकाळी पावणेनऊला तिथल्या ऑफिसमधल्या बाई यादी घेऊन बसतात आणि जो आला नाही त्याला फोन लावतात, रेकॉर्ड केलेला मेसेज नाही, स्वतः. मागच्या हिवाळ्यात माझ्यासमोर असाच एक फोन झाला. मुलगा 19 वर्षांचा, रात्री वेअरहाऊसमध्ये काम करतो, बस चुकली होती, बाहेर उणे वीस. बाईंनी "तिथेच थांब" म्हटलं, कोट चढवला आणि गाडी काढली. अर्ध्या तासाने तो माझ्यासमोर बसला, हात इतके गारठलेले की पेन्सिल धरता येईना, मग मी लिहिलं आणि तो तोंडी सांगत गेला, दोन तृतीयांश भागिले एक षष्ठांश. चार, म्हणाला. बरोबर होतं.

त्याला मिनेसोटात 21 वर्षांपर्यंत फुकट शिकता येतं हे कोणीच सांगितलं नव्हतं. या शाळेने सांगितलं.

तर सांगायचं असं की तिथे मंगळवारी मी आहे, गुरुवारी गणिताला कोणी नाही. आपल्यात इतके इंजिनियर बसलेत, इतक्या निवृत्त शिक्षिका आहेत. बॅकग्राउंड चेक होतो, त्याला दोन आठवडे लागतात, म्हणून आजच नावं दिलीत तर बरं. चहाच्या टेबलाजवळ निळी वही ठेवलीय.