वीस, वीस, वीस

(नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मुलींनो, आणि मागच्या रांगेत एकमेकांना चिकटून बसलेल्या मुलांनो,

विषय दिलाय ‘माझी मूल्यं आणि रुग्णसेवेचं तत्त्वज्ञान’. चार मूल्यं सांगेन असं कबूल केलंय, कागदावर लिहूनही आणलीत. पण आधी एक तक्रार आहे. इतकी वर्षं नाइट ड्युट्या केलेल्या बाईचा तेवढा हक्क असतो.

कुठल्याही वॉर्डात जा आणि टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वासाच्या नोंदींचा कागद, उघडा. ताप प्रत्येकाचा वेगळा, नाडी वेगळी, बीपी वेगळं. श्वास मात्र सगळ्यांचे मिनिटाला वीस. न्यूमोनियाचा पेशंट वीस, उद्या घरी जाणारा वीस. हसताय म्हणजे तुम्हीही लिहिलेत. मीही लिहिले.

नोकरीचं पहिलंच वर्ष. एका मावशींचं आतड्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता. रात्री दहाला वीस, दोनला वीस, दोन्ही आकडे माझ्या सुवाच्य अक्षरात. पहाटे इंचार्ज सिस्टर आल्या, चार्ट उलटत गेल्या आणि म्हणाल्या, “काय गं, हा वॉर्ड आहे की कवायतीचं मैदान? सगळे एका ठेक्यात श्वास घेतायत!” मग मला मावशींच्या कॉटपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, मोज. मोजले. चौतीस. परत मोजायला लावले. चौतीसच. बीपी ठीक, ताप किरकोळ, मावशी “बरं आहे हो” म्हणत होत्या. आतला जोड गळत होता. सकाळी त्यांना पुन्हा थिएटरमध्ये घेतलं. वाचल्या त्या. माझ्या आकड्यांचा त्यात काही हात नव्हता.

असं का होतं, हे तुम्ही शिकला आहात, तरी सांगते. जंतुसंसर्ग अंगात पसरू लागला की रक्तात आम्ल साठतं आणि ते भरून काढायला श्वास वाढतो. बीपी बराच वेळ तग धरतं, तरुण पेशंटचं तर फारच. पेशंट किती बिघडतोय हे गुणांवरून सांगणारा ‘न्यूज’ तक्ता ब्रिटनमध्ये २०१२ साली आला; जितके गुण जास्त तितका धोका जास्त. त्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, आणि २५ किंवा त्याहून जास्त झाले की एकदम ३. आठ किंवा कमी झाले तरी ३. मॉर्फिनने श्वास मंदावतो, म्हणून ते दिलेल्या पेशंटच्या बाबतीत हे दुसरं टोक विसरू नका.

आता गंमत बघा. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून आपण नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाही, आणि डोळे छातीवर ठेवतो. म्हणजे ‘पेशंटशी खोटं बोलू नका’ हे शिकवणाऱ्या व्यवसायात पहिल्याच महिन्यात शिकवतात ती ही लबाडी! यावर तुमच्या एथिक्सच्या सरांना प्रश्न विचारा, माझं नाव सांगू नका.

तर श्वास मोजायचे ते पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद गुणिले चार नव्हे. एक मिनिट नुसतं उभं राहिलं की बाकीचंही दिसायला लागतं. एक आजोबा होते, पॅरालिसिसने उजवी बाजू गेलेली. ते पाणी पीत नव्हते, म्हणून सगळे “हट्टी आहेत” म्हणायचे. श्वास मोजताना माझं लक्ष बेलकडे गेलं. ती उजव्या हाताशी बांधलेली होती! पाणी प्यायलं की बेडपॅन लागणार, बेडपॅन मागायला बेल लागणार, बेलपर्यंत हात जाणार नाही. आजोबांनी हिशोब करून पाणीच सोडलं होतं. बेल डावीकडे बांधली, त्या दिवशी तांब्या संपला.

फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्यांच्या लक्षात राहिला, वही कुणाच्याच नाही. १८५४ मध्ये, क्रिमियन युद्धात, अडतीस जणींना घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. पुढे त्यांनी मृत्यूंचे आकडे मांडून दाखवलं की सैनिक जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त मेले. विचार करा, तिथल्या नोंदी कुणी सगळीकडे ‘वीस’ लिहून भरल्या असत्या तर?

चिठ्ठी आलीच. पाच मिनिटं. बरं, आता मूल्यं, भराभर.

खरेपणा. एकदा मी शेजारच्या कॉटची गोळी भलत्याला दिली, आणि पाच मिनिटांत डॉक्टरांना जाऊन सांगितलं. बोलणी खाल्ली, पण पेशंटवर लगेच लक्ष ठेवता आलं.

लाज. पेशंटची, आपली नव्हे. स्पंजिंगच्या आधी पडदा ओढा, जेवढा भाग पुसताय तेवढाच उघडा. बेशुद्ध माणसाच्या बाबतीतही.

समान वागणूक. दारू पिऊन पडलेल्याची जखमही तशीच धुवायची. मला हे जड गेलं, खोटं कशाला बोलू.

चौथं होतं... हं, स्वतःची काळजी. पेशंट उचलायला दुसरा माणूस बोलवा. माझी कंबर बघताय ना? झालं.

एक प्रश्न घेते. हो, तू विचार. “मॅडम, चाळीस पेशंट असतील तर चाळीस मिनिटं कुठून आणायची?”

नाही मिळत. मलाही मिळाली नाहीत. ज्यांना ऑपरेशन होऊन दोन-तीन दिवस झालेत, ज्यांना गुंगीचं औषध दिलंय, जे अचानक गप्प झालेत, त्यांच्यापाशी मी आधी जायचे. उरलेल्यांचा रकाना कोरा ठेवायचे, आणि हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या ड्युटीवालीला वॉर्ड सोपवताना, “यांचे मोजले नाहीत” असं तोंडाने सांगायचे. कोऱ्या रकान्यांवरून मेट्रनबाईंनी मला दोनदा मेमो दिला. दोन्ही अजून जपून ठेवलेत.