गोंगाटातून घडलेला ब्लूज

(दृश्य: क्षितिजापर्यंत कापूस)

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. ब्लूजवाले ज्याला डेल्टा म्हणतात, तो मिसिसिपी नदीच्या मुखाशी शोधू नका. तो समुद्रापासून बराच वर आहे: मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला गाळाचा सपाट पट्टा. इथल्या मळ्यांवर अर्धेलीनं राबणारी कृष्णवर्णीय माणसं शनिवारी रात्री नाचायला जमायची. साथसंगत म्हणजे बहुतेक वेळा एक माणूस, एक गिटार. तारांवरून बाटलीचा गळा किंवा चाकू घसरवत तो मींड काढायचा, ठेका पायानं. चार्ली पॅटन, सन हाउस गायचे तेही घशाच्या शिरा ताणून. नाचणाऱ्यांच्या गलक्यात माइक होता कुठे?

(दृश्य: रेल्वे स्थानक, जुनी छायाचित्रं)

१९४१मध्ये लोकगीतं ध्वनिमुद्रित करत फिरणारे ॲलन लोमॅक्स डेल्टातल्या स्टोव्हॉल मळ्यावर आले. ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका तरुणाला त्यांनी गायला लावलं. तो मडी वॉटर्स. १९४३मध्ये हा गडी शिकागोला गेला. दक्षिणेतून निघालेले हजारो लोक तिकडेच चालले होते. कारखान्यांत काम होतं.

पण शिकागोच्या साउथ साइड भागातल्या गजबजलेल्या बारमध्ये साधी गिटार कुणाला ऐकू येणार? मडीनं इलेक्ट्रिक गिटार धरली. ड्रम, बास, पियानो जोडीला आले. लिटल वॉल्टरनं माउथऑर्गन आणि माइक एकाच ओंजळीत धरले, आवाज ॲम्प्लिफायरमधून सोडला, आणि खिशात मावणारं ते वाद्य सॅक्सोफोनच्या तोडीनं गरजू लागलं. गाण्यांचा बाज मात्र मळ्यावरचाच. शिकागो ब्लूज म्हणतात तो हा. माझ्या मते ब्लूजमधलं सगळ्यात मोठं वळण.

बाकीच्या प्रांतांची तऱ्हा वेगळी. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पीडमाँट पट्ट्यात ब्लाइंड बॉय फुलर तंबाखूच्या गोदामांबाहेर वाजवायचा: अंगठा खर्ज सांभाळतो, बोटं वर रॅगटाइमच्या, म्हणजे जुन्या पियानो-संगीताच्या, चालीनं बागडतात. टेक्सासचा टी-बोन वॉकर जॅझच्या वळणानं एकेक सूर सुटा, सफाईनं वाजवायचा.

(दृश्य: झाडीतली टेकाडं)

आणि डेल्टाला लागूनच, पूर्वेला, मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागातली टेकाडं. इथल्या ब्लूजमध्ये कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, फारशा बदलतच नाहीत. तंबोऱ्यासारखा एकच सूर घुमत राहतो, त्यावर ठेका चढत जातो. ऐकणाऱ्याला आधी कंटाळा येतो, मग सुटका नसते. इथला आर. एल. बर्नसाइडही शिकागोला गेला, मडी वॉटर्सला जवळून ऐकलं, आणि परत आला. शेती, मासेमारी करत तो तसंच एका कॉर्डवर वाजवत राहिला. जगानं त्याला नीट ऐकलं ते नव्वदच्या दशकात, त्याची साठी उलटल्यावर.