आंबा थांबत नाही

नमस्कार श्रोतेहो.

हापूस पिकला की कुणी सांगावं लागत नाही. माळ्यावर पेंढ्यात आढी घातलेली असते आणि एके सकाळी ओटीवर बसल्याबसल्या वास येतो. आंबा कापलेला नाही, सालीला नखसुद्धा लागलेलं नाही, तरी त्याचे रेणू नाकापर्यंत पोचलेले असतात. आज फळावरच्या फवारणीच्या अंशाच्या ज्या तपासणीबद्दल बोलणार आहे, तीही फळ न कापता होते.

मी रसायनशास्त्र शिकवतो, आणि घरची हापूसची कलमं आहेत. एका वर्षी व्यापाऱ्याने फवारणीच्या अंशाचा दाखला मागितला. प्रयोगशाळेत आंबे दिले. तिथे फळाचा लगदा करायचा, द्रावकात औषधाचा अंश उतरवायचा, गाळायचा, मग यंत्रात सोडायचा. दाखला हातात आला तोवर आढी रिकामी झाली होती. ती रुखरुख अजून जात नाही.

ते यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंचा तराजू. पण रेणूवर विद्युतभार असेल तरच तो तोलला जातो, आणि भार चढवायचा तर आधी नमुन्याची एवढी सगळी तयारी. 2004 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने वाट बदलली. वस्तू उघड्या हवेत ठेवली आणि तिच्यावर द्रावकाचे भारित तुषार मारले. तुषार आपटून उडाले ते पृष्ठभागावरचे रेणू घेऊनच यंत्रात शिरले. पुढच्याच वर्षी ‘डार्ट’ नावाची अशीच दुसरी पद्धत आली. त्यात तुषारांऐवजी तापवलेल्या हेलियमचा झोत असतो.

आंब्याला हेच सोयीचं. सालीवरून फोमची चकती फिरवायची आणि त्या झोतासमोर धरायची. तुडतुड्यांसाठी आपण मोहोरावर इमिडाक्लोप्रिड मारतो ना? त्याचा अंश असला तर पडद्यावर 256 या वजनाच्या आकड्यावर एक काडी उभी राहते, आणि शेजारी 258 वर तिच्या साधारण एक तृतीयांश उंचीची दुसरी. इमिडाक्लोप्रिडच्या रेणूत क्लोरीनचा एक अणू असतो. निसर्गात क्लोरीन हलका आणि जड अशा दोन प्रकारांत, सुमारे तीनास एक या प्रमाणात सापडतो, म्हणून ही जोडी. सगळा खेळ काही सेकंदांचा.

आता खरं तेही सांगतो. साल पुसून गरात मुरलेलं औषध कळत नाही. एकाच वजनाचे दोन रेणू असले तर गफलत होऊ शकते. नेमकं प्रमाण हवं असेल तर जुनीच पद्धत भरवशाची. पण शंभर पेट्यांतून संशयाच्या चार बाजूला काढायला ही चाळणी उत्तम आहे.

यंत्राच्या आत निर्वात पोकळी लागतेच, त्यामुळे किंमत अजून जड आहे. तरी आशा आहे. कागदाच्या त्रिकोणी तुकड्यावर नमुना ठेवून टोकातून तुषार उडवण्याची एक रीत आहे. तिला एरवी काही हजार व्होल्ट लागतात. चेन्नईच्या आयआयटीत टी. प्रदीप यांच्या गटाने कुक्स यांच्यासोबत 2014 मध्ये कागदाला कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा, लेप दिला आणि ते काम 3 व्होल्टवर करून दाखवलं.

आमच्या पेट्या रात्री गाडीत चढतात. संध्याकाळी पडवीत पेंढा भरणं चाललंय आणि शेजारच्याच टेबलावर साल पुसलेली चकती तपासली जातेय, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे.

नमस्कार.