झाकणांचं वस्त्र

हा आवाज नीट ऐका. दारूच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण ठोकळ्यावर ठेवायचं, ठोकून सपाट करायचं. कडेला भोकं पाडायची. शेजारच्या झाकणाला तांब्याच्या तारेनं बांधायचं, तारेला पीळ द्यायचा, टोक आत वळवायचं. मग पुढचं झाकण.

हे गाव न्सुका, पूर्व नायजेरियातलं. ही तरुण मुलं इथलीच, शिल्पकार एल अनात्सुईंच्या हाताखाली काम करणारी. त्यांच्या बोटांकडे बघा. झाकणाचा वरचा गोल वेगळा, मानेभोवतीची पट्टी वेगळी. पट्टी उलगडून घडी घातली की चौकोन, पिळली की कडी. रंग कुणीही लावलेला नाही. लाल, पिवळा, काळा हे दारू गाळणाऱ्या कंपन्यांचे रंग. चंदेरी दिसतेय ती झाकणाची आतली बाजू.

तयार तुकडे जमिनीवर पसरले जातात. एल अनात्सुई भोवती फिरतात, फोटो काढतात, निरखतात. हा इकडे, तो तिकडे. पुन्हा फोटो.

त्यांचा जन्म १९४४ चा, आजच्या घानातल्या अन्याकोचा. खाजणाकाठचं एवे लोकांचं गाव. वडील केंटे, म्हणजे इथलं पारंपरिक कापड, विणायचे. चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्या मागावर विणायच्या आणि एकमेकींना शिवून मोठं वस्त्र करायचं. मुलगा वाढला पाद्री काकांकडे, मागापासून लांब. कुमासीच्या कला महाविद्यालयात शिकवलं जायचं ते युरोपचं. म्हणून ते कुमासीतल्याच सांस्कृतिक केंद्रात जाऊन बसायचे. तिथे विणकर होते, ढोल घडवणारे होते, कापडावर आदिंक्रा, म्हणजे प्रत्येकीला स्वतःचा अर्थ असलेली चिन्हं, छापणारे होते. पुढे बाजारात बायका माल मांडतात त्या लाकडी परातींवर तापल्या लोखंडानं तीच चिन्हं त्यांनी डागली.

१९७५ साली ते न्सुकाच्या विद्यापीठात शिल्पकला शिकवायला आले आणि तीन दशकांहून अधिक काळ तिथेच रमले. आधी फुटक्या मडक्यांची शिल्पं केली, मग लाकूड धरलं. यांत्रिक करवत लाकडात घुसते तेव्हाच्या या चिरा बघा. परक्यांनी या खंडाची वाटणी कशी केली, ते अनात्सुईंना या चिरांत दिसायचं.

१९९८ च्या सुमारास रस्त्याकडेला त्यांना झाकणांनी भरलेली एक पिशवी सापडली.

या कामाला 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. युरोपची जहाजं या किनाऱ्यावर दारू घेऊन आली. तिच्या बदल्यात सोनं नेलं, नंतर माणसं नेली. ती माणसं अटलांटिकपलीकडच्या उसाच्या मळ्यांत राबली आणि त्याच उसाची रम पुन्हा जहाजांवर चढली. झाकण आजचं आहे, न्सुकाच्या आसपासच पिऊन टाकलेल्या बाटलीचं. पण दारू इथे आली कशी, ते या झाकणाला विचारावं लागतं.

२००७ साली व्हेनिसमध्ये पालाझ्झो फोर्तुनी या जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर त्यांचं वस्त्र चढलं, २०१५ साली तिथल्याच बिएनाले या कलाप्रदर्शनात जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला, २०२३ साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाचं अवाढव्य टर्बाइन हॉल त्यांच्या कामानं भरलं.

आता ही पेटी उघडतेय. आत घडी घातलेलं वस्त्र. सोबत ठरलेला आकार नाही, वरची बाजू कोणती याचा आग्रह नाही. चुणी कुठे पाडायची, झोळ कुठे सोडायचा, हे अनात्सुईंनी टांगणाऱ्यांच्या हाती ठेवलंय. शिडीवरच्या त्या दोघींनी डावं टोक जरा वर घेतलं. थांबल्या. आणि पुन्हा खाली सोडलं.