कागद कोणाच्या घरी आहेत?

नमस्कार श्रोतेहो.

गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे लहानसं गोंड गाव आहे. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे वनहक्क कायद्यानुसार ते जंगल वापरायचा आणि सांभाळायचा सगळ्या गावाचा मिळून हक्क. पण वनविभाग बांबूला लाकूड मानत असल्यामुळे बांबू जंगलाबाहेर नेऊन विकायला लागणारं वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. गावचे पुढारी देवाजी तोफा यांचं नाव या लढ्याबरोबर सगळीकडे घेतलं जातं. तरी तिथला निर्णय कधीच एकट्या देवाजींचा नसतो. गावाच्या अभ्यासगटात बाहेरची जाणकार माणसंही बसतात, माहिती घेतात, वाद घालतात. पण ठरवायचं ते ग्रामसभेनं, आणि तेही सर्वसहमतीनं. एकमत झालं नाही, तर विषय पुढच्या सभेत. वेळ फार लागतो हे खरं. मात्र ज्याची हरकत ऐकून घेतली गेली, तो उद्या साहेबांपुढे उलटं बोलत नाही.

आपल्या गावाचा असाच सामूहिक वनहक्काचा दावा तयार करताना वनहक्क समितीत १० ते १५ जण निवडायचे असतात, त्यात किमान एक तृतीयांश बाया. गणपूर्तीला ग्रामसभेचे निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. इथंच पहिली चूक होते. सभा पातळ भरते, मग रात्री कोणीतरी वही घेऊन घरोघर सह्या गोळा करतो. अशी वही तपासणीत उघडी पडते. त्यापेक्षा सभा मोडा आणि मोहफुलाचा, तेंदूचा हंगाम टाळून नवी तारीख लावा. ठराव सभेतच लिहा, मोठ्यानं वाचा आणि मगच सह्या घ्या.

हद्द ठरवायला म्हाताऱ्यांना आणि रोज जंगलात जाणाऱ्या बायांना सोबत न्या. नाला, देवाची जागा, जुनी वाट यांची नावं त्यांनाच ठाऊक असतात. शेजारच्या गावाला आधी लेखी कळवा, नाहीतर हद्दीचा वाद दोन्ही दावे अडकवतो. पुरावे किमान दोन लागतात. जाणत्या माणसांचे लिहून घेतलेले जबाबही चालतात.

यापुढची चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण ती भल्या माणसांकडून होते. पुढारी प्रामाणिक असतो, धावपळ तोच करतो, म्हणून नकाशा, पोचपावत्या, वही, सगळं त्याच्याच घरी राहतं. दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीचा निर्णय त्याच्या नावावर येतो, तो नेमका बाहेरगावी असतो, आणि अपिलाचे ६० दिवस निघून जातात. फाईलच्या तीन प्रती काढा आणि तीन घरांत ठेवा, त्यातलं एक घर समितीतल्या बाईचं असू द्या. दावा देताना तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. तालुक्याला एकट्यानं जाऊ नका. दर खेपेला सोबत नवा माणूस न्या, म्हणजे कुठल्या टेबलावर काय विचारायचं हे आणखी एकाला कळतं.

हक्क मिळाल्यावर पैसा येतो. व्यापारी बांबूची आगाऊ रक्कम एकाच्या हातावर ठेवायला बघतो, कारण एकाशी भाव ठरवणं सोपं असतं. भाव सभेतच उघडा, रक्कम ग्रामसभेच्या खात्यात घ्या, खातं जोडसहीचं ठेवा. मजुरी किती, वाहतूक किती, शिल्लक किती, हे महिन्याच्या सभेत वाचून दाखवायचं काम आळीपाळीनं द्या. आणि यंदाच्या पहिल्या वाचनाला पुढारी सोडून दुसऱ्या कोणाला तरी उभं करा.