दोरीविना बाहुल्या

हा हात नीट बघा. आधी मनगट वर गेलं, कोपर मागून आलं. बाहुलीची दोरी मनगटालाच बांधलेली असते ना! आता दोरी सैल झाली. हात खाली आणायचा नाही, पडू द्यायचा. कथक शिकून आलेल्या मुली इथेच फसतात. मनगट सवयीनं गोल फिरतं आणि बाहुलीचं पुन्हा माणूस होतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली ही तालीम, माणसांनीच कठपुतळ्या होऊन करायच्या नाचाची. शिकवणाऱ्या ताईंचा आवाज ऐका: "अगं, डोळे नको, मान फिरव!" मुखवट्याआड डोळे कुणाला दिसणार? बघायचं तिकडे छातीसकट वळायचं. एका मात्रेला हालचाल, पुढच्या मात्रेला थांबा. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल वीतभर. डोक्याची उंची बदलता कामा नये. जरा उसळी आली की दोरीचा भास संपला.

मुखवटा कागदाच्या लगद्याचा. कपाळाशी आतून स्पंजची पट्टी, नाहीतर घामानं तो नाकावर घसरतो. स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत, म्हणून जागा पावलं मोजून पाठ करायच्या. एकीचं पाऊल चुकलं की मागची येऊन आदळते. एकटीनं भाव खाऊन जायची सोयच या नाचात नाही, आणि ते बरंच आहे.

ही शैली शांती बर्धन यांची. नर्तक उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रात काम केलेला हा कलावंत. 1952 मध्ये मुंबईत त्यांचा लिटल बॅले ट्रूप उभा राहिला. चवड्यांवर तोलायचा युरोपी बॅले नव्हे. गोष्ट सांगणारं समूहनृत्य. क्षयानं पोखरलेल्या शरीरानिशी त्यांनी माणसांच्याच कठपुतळ्या करून 'रामायण' बसवलं. 1954 मध्ये ते गेले.

ट्रूप सांभाळला त्यांच्या पत्नी, नर्तिका गुल बर्धन यांनी. साठच्या दशकात तो ग्वाल्हेरला आला. प्रभात गांगुली नव्या रचना बसवत. जुनं 'रामायण' मात्र टिकवायचं तर प्रत्येक जाणाऱ्या कलाकाराची भूमिका येणाऱ्याच्या अंगात उतरवावी लागते. नर्तिकेची गुरू होते ती अशी.

पुढे संस्था भोपाळला गेली. 2010 मध्ये गुल बर्धन यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

ग्वाल्हेरच्या या मुलींना सध्या शाळा सुटल्यावर प्रार्थनेचा हॉल मिळतो. बाकं आधी त्याच सरकवतात.