आपोआप सरकणारी स्टिक

[दृश्य: जळगाव, गोलाणी मार्केट. दुरुस्तीचं टेबल, पालथा ठेवलेला कंट्रोलर.]

मे महिन्याची दुपार. टेबलावर आलेला हा व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. इथली मुलं याला रिमोटच म्हणतात. तक्रार एका ओळीची: अंगठ्याने फिरवायच्या स्टिकला हात लावला नाही तरी गेममधला खेळाडू डावीकडे चालत सुटतो.

[दृश्य: उघडलेली स्टिक, जवळून.]

स्टिकच्या बुडाशी ही चौकोनी डबी. तिच्या दोन बाजूंना दोन पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवलं की रोध बदलणारे भाग आहेत. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा उभी. प्रत्येकाच्या आत कार्बनचा अर्धगोल पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची पत्ती. पत्ती मधोमध असली की निम्मा व्होल्टेज बाहेर येतो आणि चिप समजते की स्टिक मोकळी आहे. पट्टा झिजला किंवा मध्ये कचरा आला, की हा निम्मा बिघडतो.

कचरा इथं कमी नाही. उन्हाळ्यात धूळ, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारे तंतू. पण सगळा दोष खान्देशच्या वाऱ्याला देऊ नये. दांडी कडेच्या रिंगणावर घासते, तिथली प्लास्टिकची पांढरी भुकटीही याच डबीत उतरते.

[दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर स्टिकचे आकडे.]

उघडण्याआधी तपासणी. कंट्रोलर यूएसबीने जोडून ब्राउझरमधल्या गेमपॅड टेस्टरवर, म्हणजे कंट्रोलर तपासायच्या वेबपानावर, आकडे बघायचे. मोकळ्या स्टिकचा आकडा शून्याच्या अगदी जवळ, साधारण ०.०५ च्या आत असावा. आकडा थरथरत असेल तर पट्ट्यावर घाण किंवा झीज. एकाच जागी स्थिर, पण शून्यापासून लांब असेल, तर मध्य सरकलाय. आणि स्टिक सोडल्यावर दरवेळी वेगळ्या आकड्यावर थांबत असेल, तर आतली स्प्रिंग थकली आहे. तिथं कितीही धुतलं तरी उपयोग नाही.

घाणीची शंका असेल तर बॅटरीची पिन काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब पोटेन्शिओमीटरच्या फटीत सोडायचा. स्टिक वीस-तीस वेळा गोल फिरवायची, पंधरा मिनिटं वाळू द्यायची. सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही नको. त्यावर धूळ आणखी चिकटते. चार दिवसांत तक्रार परत आली, तर कार्बन झिजला आहे असं समजावं. गेलेला कार्बन धुऊन परत येत नाही, डबीच बदलावी लागते.

[दृश्य: सोल्डरिंगचं काम.]

निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरमध्ये हे सोपं असतं. तीन पात्यांचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, पण स्टिक रिबनवर, म्हणजे चपट्या केबलवर असते. रिबनची कुलूपपट्टी उचलली की ती सुटते. पीएस४, पीएस५ (प्लेस्टेशन ४ आणि ५) आणि एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरमध्ये मात्र डबी बोर्डाला चौदा पायांनी पक्की डाखलेली असते: दोन पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन, दाबायच्या बटणाचे चार, डबीच्या पत्र्याच्या आवरणाचे चार.

बहुतेक बोर्ड इथंच मरतात. कारखान्याचं शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं आणि पत्र्याचे पाय ज्या मोठ्या तांब्याला जोडलेले असतात ते उष्णता पिऊन टाकतं. पाय सुटत नाही म्हणून माणूस जोर लावतो आणि बोर्डावरची तांब्याची टिकली उखडते. म्हणून आधी प्रत्येक पायावर ६०/४० चं (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) ताजं सोल्डर चढवायचं. ते जुन्यात मिसळलं की वितळायला सोपं जातं. सोल्डरिंग आयर्नचं टोक, म्हणजे बिट, रुंद, तापमान साधारण ३५० अंश. जुनी डबी तशीही फेकायचीच आहे, तेव्हा तिचे तुकडे करून एकेक पाय वेगळा काढणं सगळ्यात सुरक्षित. भोकं सकरने, म्हणजे वितळलेलं सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाने, साफ करायची.

नवी डबी लावण्याआधी मल्टीमीटर लावाच. प्रत्येक पोटेन्शिओमीटरच्या कडेच्या दोन पायांत सुमारे १० किलोओहम आणि मधल्या पायापासून दोन्हीकडे साधारण सारखंच दिसलं पाहिजे. स्वस्त डब्यांत इथंच फरक निघतो, आणि तो डाखल्यावर कळला तर चौदा पाय पुन्हा काढा.

परत झीज नको असेल तर हॉल सेन्सरची डबी घ्यावी. तिच्यात लोहचुंबक असतो आणि सेन्सर त्यावरून स्टिकची जागा ओळखतो, घासणं नाही. ही कल्पना नवी नाही, सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच ती होती.

[दृश्य: पडद्यावर स्टिकचं वर्तुळ.]

डबी कोणतीही असो, नवा मध्य कंट्रोलरला शिकवावा लागतो. डुअलशॉक ४ (पीएस४ चा कंट्रोलर) आणि डुअलसेन्ससाठी (पीएस५ चा) हे ब्राउझरमधूनच होतं. आधी तात्पुरतं जतन करायचं, स्टिक चारही दिशांना ढकलून सोडून बघायची, आकडा दरवेळी शून्याजवळ परतला तरच कायमचं जतन करायचं. स्क्रू त्यानंतर आवळायचे.